तिजव्वा हाडकीचा वारस

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. दगड नाही, छत्री नाही, पडकी शाळाही नाही. मला वजन नाही आणि मला गंज चढत नाही. कुणी उच्चारले तर मी असतो, नाही उच्चारले तर नसतो. माझे नाव तिजाई.

तुम्ही लगेच म्हणाल, तुकाई, यमाई, तशी ही तिजाई असणार. नारळ कुठे फोडायचा? जरा थांबा. तुमच्यासारख्याच शहाण्या माणसांनी हीच चूक केली आणि एका भल्या माणसाच्या रानाचे पाणी जाता जाता राहिले. तीच हकिकत मला सांगायची आहे. मला स्वतःचे तोंड नाही, म्हणून थोडा वेळ तुमचे उसने घेतो.

आधी माझे कूळ सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. माझे पणजोबा संस्कृतातले 'तृतीय'. पोथीत राहणारे, फार सोवळ्यातले. ते साध्या लोकांच्या जिभेवर नीट बसेनात. बोलणाऱ्यांनी त्यांना घासून घासून 'तइज्ज' केले, आणि आणखी घासून 'तिजा' केले. तिजा म्हणजे तिसरा. आमच्या या घरात भावंडे पुष्कळ. तीज ही तिथी आमचीच. तुम्ही आखितीज म्हणता तेव्हा आमच्या बहिणीचेच नाव घेता. तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याला तिजवर म्हणत, तोही आमचाच, पण त्याची ओळख आम्ही चारचौघांत सांगत नाही. पुढे तिजाला 'आई' हा प्रत्यय लागला आणि माझा जन्म झाला. तिजाई, म्हणजे तिसरा हिस्सा.

हे 'आई' म्हणजे माउली नव्हे बरे. महागाई कुणाची आई आहे? दिरंगाईची कुणी कधी ओटी भरली आहे? चौथा हिस्सा तो चौथाई, तसा तिसरा हिस्सा तो मी. वाक्यात मला 'ती' म्हणतात, पण मी शब्द आहे, तेव्हा स्वतःला 'तो'च म्हणवतो. चौथाईचे नशीब बघा, तिच्यापायी लढाया झाल्या आणि ती इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसली. माझा हिंदीतला चुलतभाऊ तिहाई तबल्यावर गेला. समेवर येताना तोच बोल तीनदा वाजवतात ना, तोच तो. त्याला टाळ्या मिळतात. मी मात्र रानात आणि चुलीपाशी राबलो, आणि खरे सांगतो, मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

कामे पुष्कळ केली. खळ्यावर राशीचे तीन ढीग पडत, तेव्हा एका ढिगाला माझे नाव असे. इनामाच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा सरकारात जाई, त्या पट्टीलाही मलाच जुंपले होते. त्या काळी मला पाहून लोक तोंड फिरवत. घराघरांतल्या बायका काढा उकळायला ठेवत, तीन वाट्या पाण्याची एक वाटी उरली की म्हणत, 'तिजाईला आला, उतरा.' आणि विहिरीवर मी पाणी वाटत असे.

त्यातली एक विहीर निपाणीपासून दोन कोसांवरच्या एका गावात आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथे अजून या गोष्टीवर बोलणे चालू आहे. ओढ्याकाठची विहीर, बांधीव, पूर्वी तीन मोटा चालायच्या अशी. वरचे रान मगदुमांचे. ते जैन, पिढीजात शेतकरी, घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारे. खालचे दोन एकर म्हणजे हाडकी. गावकीची कामे करणाऱ्या महार घराण्यांना त्या कामाबद्दल जी जमीन मिळे, तिला हाडकी म्हणत. कुणा जुन्या कारभाऱ्याने कागदावर लिहून ठेवले होते, 'विहिरीचे पाणी दोन वाटे वरचे रानास, तिजाई हाडकीस.' झाले, मी कामाला लागलो. तीन मोटांतल्या एका मोटेचे पाणी खाली उतरू लागले.

यातली एक गोष्ट मला आजही बोचते. पाणी हाडकीला जात होते, पण हाडकीच्या माणसांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. रानाला हक्क होता, माणसाला नव्हता. कागदावर मी होतो तरी मला ते थांबवता आले नाही. पुढे ते दिवस गेले. ती माणसे बौद्ध झाली, शिकली, आणि जमीन रीतसर त्यांच्या नावावर झाली. पाण्याची पाळी मात्र जुनीच राहिली. दोन दिवस वर, तिसऱ्या दिवशी खाली.

याच काळात राज्ये नव्याने आखली गेली. हा मुलूख कर्नाटकात आला आणि जुने मराठी कागद कानडीत उतरवायचे काम निघाले. एका कारकुनासमोर माझा कागद आला. कारकून वाईट नव्हता. त्याला मराठी बोलता येत होते, पण माझी त्याची कधी गाठ पडली नव्हती. त्याने विचार केला, मराठीतली आई म्हणजे आपली अव्वा. गावात यल्लव्वा आहे, निंगव्वा आहे, तशी ही कुणी तिजव्वा असेल. आणि हाडकी? ते तिचे आडनाव. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले, विहिरीचे हिस्सेदार दोन, एक मगदूम आणि दुसरी तिजव्वा हाडकी. मित्रांनो, अशा रीतीने एका दुपारी मी बाई झालो. मूळ मराठी कागद पुढे वाळवीने खाल्ला.

साठ-पासष्ट वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण पाणी कागद बघून वाहत नव्हते. हाडकीवर यल्लव्वा कांबळे राबत होती. तिसरा दिवस उजाडला की ती मुलाला, मायाप्पाला, हाक मारून म्हणायची, "तिजाईचं पानी सुटलं रं, जा, दारं धर." मायाप्पा पळत जाऊन वाफ्यांत पाणी वळवायचा. मायाप्पा पुढे पोस्टमन झाला. तीन वर्षांपूर्वी यल्लव्वा गेली आणि त्या घरात माझा आवाज बंद झाला.

आता गावात माझे एकच घर उरले, आणि ते मगदुमांचे.

जिनदत्त मगदुमांना लहानपणी दमा होता. त्यांच्या आई धोंडूबाई काढा करायच्या. जैन घरात जमिनीखालचे ओले आले चालत नाही म्हणून सुंठ, शिवाय अडुळसा, मिरी, लवंग आणि गूळ. आज धोंडूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, डोळ्यांनी फारसे दिसत नाही, पण मुलगा खोकला की आजही त्या खाटेवरून सुनेला सांगतात, 'काढा तिजाईला येऊ दे.' जिनदत्तांनी मला साठ वर्षे असे घोटाघोटाने गिळले आहे. हे नीट लक्षात ठेवा.

या फेब्रुवारीत विहिरीवर नवी मोटर आणि जमिनीखालून पाइप घालायची योजना मंजूर झाली. ज्याचे नाव हिस्सेदार म्हणून कागदावर, त्याच्याच रानात पाइपाचे तोंड निघणार होते. कागद उघडले गेले. विहिरीच्या हिस्सेदारांत मायाप्पाचे नाव कुठेच नव्हते. चावडीवर नोटीस लागली, 'तिजव्वा हाडकी हिच्या वारसांनी बुधवारी सकाळी अकरा वाजता विहिरीवर हजर राहावे. वारस न आल्यास तिचा हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या हिश्शात मिळवला जाईल.'

मायाप्पाने नोटीस दोनदा वाचली आणि बेळगावला मुलीला फोन लावला. पारमिता तिथे एका हायस्कुलात गणित शिकवते, पिरनवाडीत भाड्याने राहते. बापाने निवृत्तीनंतर त्या दोन एकरांत मिरची आणि भुईमूग केला होता, आणि मिरची ऐन बहरात होती. पंधरा दिवस पाणी तुटले असते तर रान वाळून गेले असते, आणि एकदा पाइप पुरले की पाणी कायमचे तुटणार होते. ती म्हणाली, रजा टाकते, येते.

जिनदत्तांनीही नोटीस वाचली. ते लबाड गृहस्थ नाहीत हो. मायाप्पा आणि ते गावच्या शाळेत एका वर्गात होते. पण वरच्या माळाचा त्यांचा तुकडा तीन वर्षे पडून होता आणि तिथे ऊस लावायची त्यांची फार इच्छा होती. तिसऱ्या दिवसाचेही पाणी मिळाले तर ऊस उभा राहील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच बसून राहिला. त्यांना काहीच करायचे नव्हते. नुसते गप्प राहायचे होते.

बुधवारी अकरा वाजता विहिरीवर तीसेक माणसे जमली. सर्वेयर आण्णाप्पा आले. कानडी माणूस, मराठी बरे बोलणारे, कामाला चोख. त्यांनी नाव पुकारले, "तिजव्वा हाडकी. कोण वारस हाय, पुढं या."

पुढे आला तो भावकू. त्याचा या विहिरीशी काडीचा संबंध नव्हता. तिजव्वा म्हणजे माझ्या आज्ज्याची चुलती, असे त्याने ठोकून दिले. ती गोरीगोमटी होती आणि नाकात मोठी नथ घालायची, हेही सांगितले. मला तर हसावे की रडावे कळेना. आण्णाप्पांनी तिच्या बापाचे नाव विचारले तेव्हा भावकू घरी विचारून येतो म्हणून गेला आणि परत आला नाही.

मग मायाप्पा उभा राहिला. हाडकी हे कुणाचे आडनाव नाही, ते आमचे रान आहे, असे त्याने सांगितले. आण्णाप्पा म्हणाले, या भागात रानावरून, गावावरून आडनाव पडतेच की. मग तिजव्वा कोण? मायाप्पा आयुष्यभर लोकांची पत्रे जशीच्या तशी पोचवणारा माणूस, खोटे त्याच्या तोंडात बसत नाही. तो म्हणाला, "आमची आई म्हणायची, तिजाईचं पानी सुटलं, जा. मला बारक्यापणी वाटायचं, तिजाई म्हंजे कोण तरी बाई हाय, तीच पानी सोडती."

आण्णाप्पांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतले. पारमिताने डोळे मिटले. आपल्याच बापाने आपला दावा बुडवला, हे तिला कळले. मायाप्पालाही बोलून झाल्यावर कळले. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मी त्याच्याच आईच्या तोंडचा, आणि मीच त्याच्यावर उलटलो होतो.

पारमिता पुढे झाली. तिने बेळगावच्या एका वाचनालयातल्या जुन्या कोशाच्या पानाची झेरॉक्स काढून आणली होती. तिने ती दाखवली आणि तिजाई म्हणजे तिसरा हिस्सा, असे शांतपणे समजावून सांगितले. तिजव्वा नावाची बाई कधी नव्हतीच, कारकुनाने हिश्शालाच बाई केले. लोक एकमेकांकडे बघू लागले. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी माझ्या खऱ्या अर्थाने ओळखले होते. माझा आनंद काय सांगू?

आण्णाप्पांनी पान नीट वाचले आणि परत दिले. "टीचर, कोशात सोनं बी असतंय. म्हणून गावात सोनाबाई नसती व्हय?"

लोक हसले. आण्णाप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "मी तुमच्या विरोधात न्हाय. पर या गावात, तिसऱ्या वाट्याला तिजाई म्हणत होते, हे सांगणारं एक तोंड आणा. तुमच्या घरचं नको. मी पाच वाजेपर्यंत मगदुमांच्या सोप्यात कागद करत बसतो."

त्या वेळी जिनदत्त विहिरीच्या काठावर उभे होते. मी त्यांच्या जिभेखाली होतो, मित्रांनो. अगदी टोकाशी. ओठ उघडले असते तर बाहेर पडलो असतो. त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी ती उपरण्यात दाबली आणि ते घराकडे चालू लागले.

पारमिता दारोदार फिरली. उन्हाचा कडाका होता. गावात सत्तरीच्या पुढची माणसे आठ. तिघांना ऐकू येत नव्हते, दोघांना मी आठवत नव्हतो, एकाने उलट तिलाच तिजव्वा कशाने मेली ते विचारले. अंबुबाई मात्र म्हणाल्या, नाव ऐकल्यासारखे वाटते, हळदीकुंकवाला यायची बहुतेक. पारमिता म्हणाली, नाही हो, ती कधीच नव्हती. तर अंबुबाई म्हणाल्या, मेलेल्या बाईला असे बोलू नये. प्रत्येक दारात मी पारमिताच्या तोंडून बाहेर पडत होतो आणि समोरच्याच्या कानावर आपटून खाली पडत होतो. शब्दाला जखम होत नाही असे म्हणतात. त्या दुपारी मला झाली.

साडेतीनला ती मगदुमांच्या दारात आली. धोंडूबाईंना भेटायचे होते. दारात जिनदत्तच उभे राहिले. तिने विचारले, काका, आज्जींना एक शब्द विचारायचा होता.

"अव्वा झोपल्यात," ते म्हणाले.

आतून खलबत्त्याचा आवाज येत होता. धोंडूबाई खाटेवर बसून अंदाजाने सुंठ कुटत होत्या. पारमिताला तो आवाज ऐकू आला, आणि तिला तो ऐकू आला हे जिनदत्तांनाही कळले. रोज चाळीस मुलांच्या चेहऱ्यांवरचे खरे-खोटे वाचणारी ती पोरगी. पण ती भांडली नाही. उठल्या की सांगा काका, एवढेच म्हणून ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली. थोड्या वेळाने मायाप्पाही येऊन तिच्याशेजारी बसला.

जिनदत्त आत आले.  पाणी प्याले. पुन्हा उबळ आली, या वेळी दाबता आली नाही. सकाळपासून ते मला गिळत होते आणि मी पुन्हा पुन्हा वर येत होतो. त्यांच्या खोकल्याचे खरे कारण मीच होतो, असे मला तरी वाटते. डॉक्टर धूळ म्हणतील.

पाचाला दहा कमी असताना आण्णाप्पांनी कागद पूर्ण केला. मायाप्पा आणि पारमिता सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आण्णाप्पांनी कानडीत मोठ्याने वाचले, तिजव्वा हाडकी ही बाई मयत असून तिला कोणी वारस असल्याचे मला माहीत नाही. तिचा हिस्सा माझ्या हिश्शात मिळवण्यास माझी हरकत नाही. मग पेन जिनदत्तांपुढे धरला.  मायाप्पा आपल्या जुन्या वर्गमित्राकडे बघत होता.

जिनदत्तांनी पेन घेतला, कागदावर टेकवला, आणि त्यांना अशी उबळ आली की पेन हातातून सुटून जमिनीवर पडला. छाती भरून आली, डोळ्यांत पाणी आले. आतल्या खोलीतून धोंडूबाईंचा आवाज आला. डोळे गेले तरी त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे.

"राजा, जिनू खोकतोय गं. काढा तिजाईला आला का बघ."

"न्हाय अजून, अव्वा," सून राजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग उतरू नगंस. तिजाईला येऊ दे."

आण्णाप्पांनी मान वर केली. त्यांच्या कानाने फक्त नाव पकडले होते, काढ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्यांनी विचारले, "तिजाई? घरात तिजाई नावाची कोण बाई हाय काय?"

 मित्रांनो, मी इतकी वर्षे जगलो, पण असा क्षण मी पाहिला नव्हता. सगळे एका माणसाच्या हातात होते. व्हय, कामाला एक म्हातारी असते, तिचे नाव तिजाई, एवढे जिनदत्तांनी म्हटले असते की संपले. आण्णाप्पांना खरे वाटले असते. उलट गावात तिजाई नावाच्या बायका असतात याचा पुरावाच मिळाला असता, आणि मी कायमचा बाई होऊन मेलो असतो. पारमिता बोलायला पुढे झाली. मायाप्पाने तिचा हात धरला.

"थांब," तो हळूच म्हणाला. "त्याला सांगू दे."

हे जिनदत्तांनी ऐकले. ते मायाप्पाकडे बघू शकले नाहीत. खाली पडलेल्या पेनाकडे बघत राहिले. मी त्यांच्या जिभेवर आलो होतो आणि त्यांचे दात मिटलेले होते. मला त्यांच्या डोक्यातला ऊस दिसत होता, वरच्या माळावर उभा, हिरवागार. आणि त्या उसाच्या पलीकडे एक लहान मुलगा दिसत होता, चुलीपुढे बसलेला, छातीतून शीळ वाजत असलेला, आणि पातेल्यातले पाणी कधी तिजाईला येते म्हणून वाट बघणारा. मला वाटते, ते दोन्ही त्यांनाही दिसत होते.  आण्णाप्पांनी दुसरा पेन खिशातून काढला.

"तिजाई बाई न्हाय, साहेब," जिनदत्त म्हणाले.

मी बाहेर पडलो. साठ वर्षे ज्या तोंडाने मला नुसते गिळले, त्या तोंडातून मी पहिल्यांदा बाहेर पडलो.

"तीन वाट्या पानी ठेवायचं आणि एक वाटी उरली की उतरायचं, त्याला आमच्यात तिजाईला आला म्हंत्यात. तिजाई म्हंजे तिसरा हिस्सा." आण्णाप्पांना शंका राहू नये म्हणून त्यांनी तेच कानडीत सांगितले, "मूरराग ओंदु पालु." मग मायाप्पाकडे वळून पण नजर खाली ठेवून ते म्हणाले, "सकाळी विहिरीवर बी मला ठावं हुतं. मी बोललो न्हाय."

आण्णाप्पा उठले आणि आत गेले. चुलीवरचे पातेले त्यांनी स्वतः पाहिले. धोंडूबाईंच्या खाटेपाशी वाकून विचारले, आज्जी, तिजाई म्हणजे काय? धोंडूबाईंना वाटले कुणी नवशिका वैद्य आलाय. त्यांनी सगळा काढा पहिल्यापासून समजावून सांगितला, आणि वर म्हणाल्या, विहिरीची तिजाई खाली मायाप्पाच्या आईकडं जायची, ती बी हीच. एवढे न्हाय ठावं तुला?

बाहेर येऊन आण्णाप्पांनी केलेला कागद फाडला. जुन्या नोंदीवर बोट ठेवून ते स्वतःशी दोनदा पुटपुटले, तिजाई हाडकी, तिजाई हाडकी. एकदा मी हिस्सा झालो म्हटल्यावर हाडकी आपोआप रान झाली. तिजव्वा तिथल्या तिथे वारली. तिला रडायला कुणी नव्हते, भावकूसुद्धा आला नाही.

आतून धोंडूबाईंनी विचारले, सोप्यात कोण आहे? राजाबाईने सांगितले, मायाप्पा आलाय लेकीला घेऊन. त्या म्हणाल्या, त्यास्नीबी दे काढा. ज्या घराच्या पायरीवर यल्लव्वाला कुणी कधी बसा म्हटले नव्हते, त्या घराच्या सोप्यात तिचा मुलगा खुर्चीवर बसला. उरलेली एक वाटी राजाबाईने तीन कपांत ओतली, जिनदत्तांना, मायाप्पाला आणि पारमिताला. तिसऱ्या हिश्शाचे पुन्हा तीन हिस्से. पारमिता कपाकडे बघून हसली, तिला बहुधा त्यात गणित दिसले. मायाप्पाने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. लई कडू, तो म्हणाला. जिनदत्त म्हणाले, मी साठ वर्सं पितोय.

एवढ्याने सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. जिनदत्तांचा माळ अजून पडीकच आहे. मायाप्पाने त्यांना माफ केले की नाही, मला माहीत नाही, तो त्यावर बोलत नाही. आणि नवी नोंद कानडीत झाली, त्यामुळे तिच्यात मी नाही. तिथे 'मूरने ओंदु पालु' असे लिहिले आहे. तो माझा कानडी सोबती, भला आहे, आता तो काम करील. मायाप्पाचे पाणी राहिले आणि मी मात्र कागदावरून कायमचा उतरलो. त्याची तक्रार नाही. पण धोंडूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, आणि राजाबाई हल्ली खोकल्याचे औषध दुकानातून आणते. मला भीती वाटते, हे मी लपवत नाही.

म्हणून एवढे सांगतो, मित्रांनो. एखादा जुना शब्द समोर आला आणि कळला नाही, तर त्याला नाव-आडनाव लावून मोकळे होऊ नका. घरात जे सर्वांत म्हातारे माणूस असेल त्याला विचारा. त्याला ऐकू येत नसेल तर मोठ्याने विचारा. आणि तुम्हाला तो कळला असेल, तर गप्प बसू नका. तुमच्या गप्प बसण्याने कुणाचे काय जाते, ते तुम्हाला दिसत नाही.

नवे पाइप आता पुरले गेले आहेत. एक तोंड खालच्या रानात निघाले आहे. मोटरची किल्ली मगदुमांच्या घरी असते, म्हणून खालच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी जिनदत्त मायाप्पाला फोन करतात. पूर्वी ते असा फोन कधी करत नसत. इकडचे-तिकडचे काही बोलत नाहीत. एकच वाक्य म्हणतात आणि फोन ठेवतात.

"मायाप्पा, उद्या तुमची तिजाई."

आणि पलीकडून मायाप्पा म्हणतो, "व्हय. तिजाई."

दर तिसऱ्या दिवशी मी असा दोनदा जिवंत होतो.